मार्क्सच्या वहीतले उत्तर

साम्यवाद का फसला, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे येतात. एक म्हणते, सिद्धान्त चोख होता, राबवणाऱ्यांनी त्याची माती केली. दुसरे म्हणते, बीच कडू होते, मग फळ गोड कुठून लागणार? पहिल्या उत्तरात मार्क्स सुटतो आणि स्टालिन अडकतो. दुसऱ्यात मार्क्सच्या वाक्यावाक्यात तुरुंगाच्या भिंती दिसू लागतात. दोन्ही उत्तरांमागची तळमळ खरी असते, पण पुराव्याला ती पुरी पडत नाहीत, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी आपल्या शास्त्रार्थाची जुनी रीत घेतो. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आणि त्यालाही मान्य व्हावे अशा जोरात मांडायचे, मग आपले. इथे पूर्वपक्ष निष्ठावंत मार्क्सवाद्याचा आहे, उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : मार्क्स १८८३ मध्ये गेला. बोल्शेविकांनी सत्ता घेतली १९१७ मध्ये. त्यानंतर जे घडले त्याचा जाब थडग्यातल्या माणसाला विचारणे हा कुठला न्याय? त्याने लिहिले काय होते ते तरी पाहा. भांडवलशाहीने उत्पादनाची ताकद कळसाला नेली आणि कामगार बहुसंख्य झाले की समाजवाद येईल, असे त्याचे म्हणणे. रशियात पाचांपैकी चार माणसे खेड्यात राहत होती. वर महायुद्ध, त्यावर यादवी, त्यात परकीय फौजा. शेतकऱ्यांविषयीची त्याची भूमिका तर लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. १८८१ च्या फेब्रुवारीत व्हेरा झासुलिच या रशियन क्रांतिकारक बाईंनी त्याला पत्र लिहून विचारले, की आमच्या गावकीची सामाईक जमीन इतिहासाच्या नियमाने मोडायलाच हवी का? त्याने खर्ड्यावर खर्डे केले आणि ८ मार्चला उत्तर धाडले, की 'भांडवल' ग्रंथातले विवेचन पश्चिम युरोपापुरते आहे आणि रशियातली गावकी नव्या समाजाचा आधार होऊ शकते. एंगल्सने १८९४ मध्ये स्वच्छ लिहिले, की लहान शेतकऱ्याची जमीन जबरदस्तीने काढून घ्यायची नाही, त्याला उदाहरण दाखवून सहकाराकडे आणायचे. हे वाचा आणि १९२९ नंतरची सक्तीची सामुदायिक शेती त्याच्या शेजारी ठेवा. पोथी एक आणि कीर्तन भलतेच. कीर्तनकाराच्या पापासाठी पोथी जाळू नका.

उत्तरपक्ष : तुमचे हे सगळे पुरावे मी मान्य करतो. फक्त त्या पत्राची पुढची हकीकत राहिली, ती सांगतो. ते खर्डे डेव्हिड रियाझानोव या अभ्यासकाला १९११ मध्ये मार्क्सच्या जावयाच्या, पॉल लाफार्गच्या, कागदपत्रांत सापडले. १९२० च्या दशकात पत्र आणि खर्डे दोन्ही छापून निघाले. म्हणजे सक्तीची मोहीम सुरू झाली तेव्हा मार्क्सचे मत छापील स्वरूपात हाताशी होते. रियाझानोव हा मॉस्कोतल्या मार्क्स-एंगल्स संस्थेचा संस्थापक. मार्क्सचे हस्तलिखित त्याच्याइतके जाणणारी माणसे जगात मोजकीच असतील. १९३१ मध्ये त्याला अटक झाली, आणि २१ जानेवारी १९३८ रोजी मार्क्सचे नाव घेणाऱ्या सरकारनेच त्याला गोळी घातली. पोथी वाचणाऱ्याचीच ही गत, तर कीर्तन पोथीला सोडून चालले आहे हे सांगायला उरले कोण? माझा प्रश्न इथून सुरू होतो. चुका प्रत्येक राजवट करते. पण चूक झाली हे सांगणारा माणूस कुठे बसतो, त्याला संरक्षण कोण देते आणि त्याचे ऐकणे राज्यकर्त्याला भाग कसे पडते, याचे उत्तर मार्क्सच्या सिद्धान्तात नाही. अपयशाचे मूळ मला सिद्धान्ताने रिकाम्या सोडलेल्या या जागेत दिसते.

गावात काय झाले ते जवळून पाहू. धान्यवसुलीचा आकडा वरून यायचा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना लेव्ही हा शब्द आठवेल. तिथली लेव्ही खळ्यावर किती पिकले ते न पाहता मॉस्कोत किती ठरले ते पाहून घेतली जाई. खळ्यावरचे संपले की घरातले, घरातले संपले की बियाण्याचे. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामुदायिक शेतातल्या चोरीला गोळी ही शिक्षा ठरवली, आणि दयेला जागा असेल तर दहा वर्षे कैद. कापणी झालेल्या शेतात पडलेल्या ओंब्या वेचणारी बाईही त्यात सापडे, म्हणून लोकांनी त्याला पाच ओंब्यांचा कायदा म्हटले. जानेवारी १९३३ मध्ये युक्रेन आणि कुबानच्या भुकेल्या शेतकऱ्यांना प्रदेशाबाहेर पडायला बंदी झाली. आदल्याच वर्षी सतरा लाख टनांच्या आसपास धान्य परदेशी विकले गेले होते. युक्रेनमध्ये पस्तीस लाखांहून अधिक माणसे मेली, कझाकस्तानात पंधरा लाखांच्या आसपास. शेतकऱ्याचे मत सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. मार्च १९३० च्या सुरुवातीला कागदावर निम्म्याहून अधिक कुटुंबे सामुदायिक शेतीत आलेली होती. २ मार्चला स्टालिनने 'प्राव्दा'त लेख लिहून अतिउत्साहाचा दोष खालच्या कार्यकर्त्यांवर ढकलला, सक्ती सैल झाली, आणि काही महिन्यांत ते प्रमाण चौथाईवर आले. याहून स्पष्ट कौल कोणता हवा? पण तो कौल नोंदवून घेणारी निवडणूक नव्हती, कोर्ट नव्हते, वर्तमानपत्र नव्हते. सक्ती पुन्हा सुरू झाली. पुढे १९३७ च्या जनगणनेत माणसे अपेक्षेपेक्षा लाखोंनी कमी भरली, तेव्हा जनगणनाच रद्द केली गेली आणि ती करणाऱ्या खात्याचे वरिष्ठ अटकेत गेले.

पूर्वपक्ष : हा आरोपनामा स्टालिनवरचा झाला, मार्क्सवरचा नाही. जागा रिकामी होती हे तुम्ही कशावरून म्हणता? मार्क्सचे सार्वजनिक आयुष्यच सेन्सॉरशी भांडण्यात सुरू झाले. १८४२ मध्ये 'राइनिशे त्साइटुंग'मधून त्याने वृत्तपत्रस्वातंत्र्याची बाजू लढवली, आणि पुढच्या वर्षी प्रशियाच्या सरकारने ते पत्र बंद पाडले. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचे त्याने केलेले वर्णन पाहा. सार्वत्रिक मताने निवडलेले, हवे तेव्हा परत बोलावता येणारे प्रतिनिधी, आणि त्यांचा पगार कामगाराइतका. कामगारवर्गाची हुकूमशाही कशी असते ते पाहायचे असेल तर कम्यून पाहा, असे एंगल्सने १८९१ मध्ये सांगितले. रोझा लक्झेंबुर्ग तर हाडाची मार्क्सवादी. १९१८ मध्ये जर्मन तुरुंगात बसून तिने लिहिले, की विरोधी मताचे तोंड बंद केले तर सोव्हिएतांतला जीवच जाईल. इशारा मार्क्सवादाच्या घरातूनच आला होता. आणि दुष्काळाचे बोलायचे तर १९४३ चा बंगाल आठवा. तीस लाखांच्या आसपास माणसे ब्रिटिश साम्राज्यात मेली. तिथे कुठला मार्क्स होता?

उत्तरपक्ष : बंगालचे पाप साम्राज्याचेच आहे, त्यातला एक दाणाही मी कमी करणार नाही. मरणाऱ्यांच्या हाती सरकार बदलायची सत्ता नव्हती, म्हणूनच ते तसे मेले. तरीही २२ ऑगस्ट १९४३ ला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने, इंग्रजांच्याच पत्राने, रस्त्यावर पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली आणि दिल्ली-लंडनला दुष्काळ झाकून ठेवणे अवघड झाले. मदत फार उशिरा आली, पण संपादक जिवंत राहिला आणि लिहीत राहिला. १९३३ मध्ये खार्किव्हच्या रस्त्यांवरही माणसे मरून पडत होती. तिथल्या कुठल्याही वर्तमानपत्रात तसे छायाचित्र आले नाही. वाईट राजवटीतही एक खिडकी उघडी असली तर काय होते आणि सगळ्या बंद असल्या तर काय होते, यातला फरक माणसांच्या संख्येत मोजावा लागतो.

कम्यूनचे वर्णन तुम्ही सांगितले ते खरे आहे. पण त्यात मार्क्सला विशेष भावलेली गोष्ट कोणती? कायदे करणारे आणि ते राबवणारे मंडळ एकच असणे. न्यायाधीशही निवडलेले आणि काढता येणारे. लोकांची इच्छा वर पोचण्याची वाट या रचनेत आहे. ते मंडळच चुकले, किंवा पुढची निवडणूक घ्यायची नाही असे त्याने ठरवले, तर त्याला अडवणारे मात्र बाहेर कोणी नाही. हा प्रश्न मार्क्सला सुचलाच नाही असे असते, तर मी तो दोष काळाच्या माथी मारला असता. पण तो त्याला विचारला गेला होता. अराज्यवादी क्रांतिकारक बाकुनिनचे राज्यसत्ता आणि अराज्य या विषयावरचे रशियन पुस्तक १८७३ मध्ये निघाले. मार्क्स पन्नाशीनंतर रशियन शिकला होता. त्याने ते मुळातून वाचले, वहीत उतारे काढले आणि मधेमधे आपली उत्तरे लिहिली. बाकुनिनचा आक्षेप साधा होता. कामगार राज्यकर्ते झाले की ते कामगार राहणार नाहीत, माजी कामगार होतील, आणि सरकारी माडीवरून कष्टकऱ्यांकडे पाहू लागतील. मार्क्सचे वहीतले उत्तर असे, की कारखानदार नगरपालिकेचा सभासद झाला म्हणून तो कारखानदार राहत नाही का? चार कोटी जर्मन सगळेच राज्य करणार का, असे बाकुनिन विचारतो. मार्क्स होकार देतो, कारण सुरुवात गावोगावच्या स्वयंशासनापासून होईल.

या उत्तरापाशी थांबायला हवे, कारण पुढच्या शतकाचा घोटाळा त्या दोन ओळींत आहे. कारखानदार नगरपालिकेत गेला तरी कारखाना त्याच्या नावावर राहतो, म्हणून त्याचे हितसंबंधही राहतात. कामगार मंत्री झाला की त्याच्या हातून लेथ सुटते आणि त्या हातात येतो शिक्का, रेशनचा कोटा, बदलीचा हुकूम. माणसाच्या जगण्यावरून त्याचे विचार ठरतात, हे तत्त्व कुणाचे? मार्क्सचे. ते या जागी लावले तर बाकुनिन बरोबर ठरतो. मार्क्सने ते लावले नाही, कारण त्याच्या मते राज्यसत्ता हे एका वर्गाने दुसऱ्याला दाबायचे हत्यार आहे. वर्ग संपले की हत्यारही गळून पडणार. एंगल्सने तर माणसांवरचे शासन संपून वस्तूंची व्यवस्था तेवढी उरेल असे सांगितले. हे एकदा मानले, की राज्यकर्त्याला हटवायचे कसे, हा प्रश्नच निरर्थक होतो. स्टालिनने २५ नोव्हेंबर १९३६ च्या भाषणात नव्या सोव्हिएत राज्यघटनेचा मसुदा मांडताना हाच धागा ओढला. पक्ष म्हणजे वर्गाचा भाग, आपल्याकडे परस्परविरोधी वर्ग उरले नाहीत, म्हणून अनेक पक्षांना आधार नाही. या युक्तिवादात मार्क्सला कुठे मुरडले आहे ते दाखवणे सोपे नाही. शिवाय विचार हे वर्गाचे प्रतिबिंब मानले, की विरोधकाला उत्तर द्यायची गरजही संपते. तो कुठल्या वर्गाचा एवढे ठरवले की पुरे. धान्य लपवणारा शेतकरी भुकेला आहे की नाही, हे विचारण्याआधीच तो कुलाक, म्हणजे शोषक सधन शेतकरी, ठरलेला असे. लक्झेंबुर्गचा इशारा थोर आहे, पण सिद्धान्ताच्या घरात तो एका व्यक्तीचे मत म्हणूनच राहिला. तो पाळायला लेनिनला भाग पाडील असे त्या घरात काही नव्हते. १९२१ च्या दहाव्या अधिवेशनात पक्षातल्या गटांवर बंदी आली, तेव्हा पक्षाच्या आतली वादाची जागाही गेली.

पूर्वपक्ष : म्हणजे त्याने न लिहिलेल्या गोष्टींसाठी तुम्ही त्याला दोषी धरता. भविष्यातल्या खाणावळीच्या पाककृती लिहायला त्याने जाणूनबुजून नकार दिला. येणाऱ्या माणसांचे हात बांधायचे नाहीत, ही त्याची नम्रता होती. आणि तुम्ही अजून मागास रशियाच्या बाहेर पडला नाहीत.

उत्तरपक्ष : बाहेर पडतो. चेकोस्लोव्हाकिया हा औद्योगिक देश, कामगारवर्ग मोठा, १९४६ च्या खुल्या निवडणुकीत कम्युनिस्टांना अडतीस टक्क्यांच्या आसपास मते. फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाने सगळी सत्ता हातात घेतली, आणि १९५२ मध्ये पक्षाचाच माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की आणि त्याचे दहा सहकारी फासावर गेले. तिथे सोव्हिएत छाया होती म्हणाल, तर चीन घ्या. १९५८ मध्ये चीनवर कुणी स्वारी केलेली नव्हती. माओच्या 'मोठी झेप' मोहिमेत धान्याचे फुगवलेले आकडे वर गेले, त्या आकड्यांवर वसुली बसली आणि दुष्काळ पडला. १९५९ च्या उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओला खासगी पत्र लिहून चुका दाखवल्या. पेंग गरीब शेतकऱ्याच्या घरातले, क्रांतीतले सेनापती. त्यांना पक्षविरोधी ठरवून पदावरून काढले आणि मोहीम आणखी जोरात चालवली. त्या दुष्काळात किती गेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. हवामान वेगळे, इतिहास वेगळा, माणसे वेगळी. सारखे काय, तर चूक सांगणाऱ्याला बसायला जागा नसणे.

आणि नम्रतेचे म्हणाल, तर पुढच्या समाजाची ती जागा कशी असेल, हे मार्क्सला दुसऱ्या कुणाहून चांगले ठाऊक असायला हवे होते. 'भांडवल'च्या पहिल्या खंडातले कामाच्या दिवसावरचे प्रकरण हे मला त्याच्या लेखनातले सर्वांत मोठे काम वाटते. दिव्याच्या उजेडात राबणारी पोरे, जेवणाच्या सुट्टीतून चोरलेली मिनिटे, भट्टीपाशी झोपेने कोसळणारे कामगार, हे सगळे त्याला मिळाले कुठून? ब्रिटिश सरकारच्या कारखाना-निरीक्षकांच्या छापील अहवालांतून. लिओनार्ड हॉर्नर या निरीक्षकाने इंग्रज कामगारांची केवढी सेवा केली, हे मार्क्सने त्याच ग्रंथात आदराने नोंदवले. भांडवलदारांच्या म्हणवल्या जाणाऱ्या राज्याने नेमलेला आणि पगार दिलेला हा माणूस गिरणीमालकांविरुद्ध आणि मंत्र्यांना न आवडणारे अहवाल लिहीत होता, संसद ते छापत होती, आणि ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात बसून एक परागंदा जर्मन ते वाचत होता. राज्य म्हणजे केवळ एका वर्गाचे हत्यार असते, तर हॉर्नर संभवलाच नसता. मार्क्सने हॉर्नरचे आभार मानले, पण आपल्या भावी समाजात त्याच्यासाठी खुर्ची ठेवली नाही. तिथे हॉर्नर लागणारच नाही, अशी त्याची खात्री होती. १९३७ मध्ये अटक झालेले ते जनगणनेचे अधिकारी सोव्हिएत देशाचे हॉर्नर होते.

पूर्वपक्ष : मग केरळ कसे समजावता? तिथे आम्ही १९५७ मध्ये मते मिळवून आलो. ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांनी सरकार येताच कुळांची हकालपट्टी थांबवली. हेच पुस्तक, हाच मार्क्स, आणि ओंब्या वेचणाऱ्या एकाही बाईला गोळी घातली गेली नाही. उलट बहुमत असलेले ते सरकार ३१ जुलै १९५९ ला केंद्राने बरखास्त केले. तुमची खुर्ची आणि तुमची खिडकी आमच्या वाट्याला कधी आली?

उत्तरपक्ष : बरखास्ती अन्यायाची होती, आणि ती अन्यायाची होती हे तेव्हा छापले गेले, सभांत सांगितले गेले, १९६७ मध्ये मतपेटीतून खोडलेही गेले, ई. एम. एस. पुन्हा मुख्यमंत्री झाले. केरळचे उदाहरण तुम्ही दिलेत हे बरे केलेत, कारण बीच कडू होते म्हणणाऱ्यांना तेच खरे उत्तर आहे. तोच सिद्धान्त मानणाऱ्या माणसांनी तिथे कुळाला संरक्षण दिले, शाळा सुधारल्या, दवाखाने वाढवले. मार्क्सने मजुराकडे पाहायला शिकवले नसते तर ती माणसे त्या कामाला लागली असती का, मला शंका आहे. पण त्यांच्या सत्तेला ज्या मर्यादा होत्या, त्या त्यांच्या पोथीतून आलेल्या नव्हत्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे स्टालिनच्या त्या भाषणानंतर तारखेने बरोबर तेरा वर्षांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीत म्हणाले होते, की कम्युनिस्टांना कामगारवर्गाच्या हुकूमशाहीवर उभी असलेली घटना हवी आहे आणि ही घटना संसदीय लोकशाहीवर उभी आहे म्हणून ते तिला दोष देतात. आठ वर्षे होण्याच्या आत त्याच घटनेखाली कम्युनिस्ट मंत्रिमंडळाने शपथ घेतली. हायकोर्ट त्यांनी नेमलेले नव्हते, वर्तमानपत्रे त्यांची नव्हती, पुढची निवडणूक त्यांच्या हातात नव्हती. सिद्धान्ताने रिकामी सोडलेली जागा इथे दुसऱ्यांनी आधीच भरून ठेवली होती, आणि मार्क्सवाद्यांच्या हातून त्यांचे उत्तम काम तिथेच झाले. तुम्हाला माझे एकच मागणे आहे. ती जागा भांडवलदारांची म्हणून सोसू नका. तिला आपल्या सिद्धान्तात घ्या, कार्यक्रमात लिहा, आणि मार्क्सच्या वहीतले ते उत्तर चुकले होते हे उघड म्हणा. व्यवहारात तुम्ही ते कधीच मान्य केले आहे. १३ मे २०११ रोजी पश्चिम बंगालमधली डाव्या आघाडीची चौतीस वर्षांची सत्ता गेली, मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य स्वतःच्या मतदारसंघातही हरले, आणि त्याच दिवशी त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला.